विंचू, बेडूक आणि हरवलेले तास

१९८९ साली ‘इंडियन जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल बायॉलॉजी’ या नियतकालिकात मुंबईहून आलेला एक छोटा निबंध छापून आला. लेखकांत पहिले नाव के. राधाकृष्ण मूर्ती यांचे होते आणि विषय होता लाल विंचवाचे विष. प्राण्याला हे विष टोचले की हृदयाचा स्नायू सुजतो, हे मूर्ती आणि त्यांचे सहकारी आधीपासून दाखवत आले होते. या वेळी त्यांनी पोटाकडेही लक्ष दिले. जठरातले आम्ल घटले होते आणि स्वादुपिंडाला तीव्र सूज आली होती.

त्या काळात विंचवाच्या संदर्भात स्वादुपिंडाची चौकशी करायला कोणाला फारशी फुरसत नव्हती. कोकणात विंचू चावलेला माणूस मरायचा तो हृदय आणि फुप्फुसांमुळे. अंगाला दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे गार, आधी रक्तदाब वर, मग खाली, आणि शेवटी तोंडाला गुलाबी फेस. जांभ्या दगडाच्या फटीत, गवताच्या पेंढ्यात, कौलांखाली राहणारा हा लाल विंचू आकाराने किरकोळ. दिसायला भयंकर असलेली काळी इंगळी त्याच्यापुढे बरीच निरुपद्रवी.

पण स्वादुपिंड आणि विंचू यांची गाठ दुसरीकडे आधीच पडलेली होती. वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर, ऊस आणि नारळाच्या मळ्यांत, वेगळ्या जातीचा एक विंचू आहे. तो चावलेल्या माणसांना पोटात प्रचंड दुखायचे, उलट्या व्हायच्या. कोर्टनी बार्थोलोम्यू या डॉक्टरांनी १९७० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अशा तीस रुग्णांची हकिगत लिहिली. त्यांतल्या चोवीस जणांना तीव्र स्वादुपिंडदाह झाला होता. दारू नाही, पित्तखडा नाही, फक्त एक डंख. दोन महासागरांपलीकडच्या दोन विंचवांनी एकाच अवयवावर घाव घालावा, यामागे कारण आहे. विंचवाचे विष शरीरातल्या मज्जातंतूंच्या टोकांना पिळून काढते. त्यांतून रसायने ओसंडून वाहतात, आणि हृदय असो की ग्रंथी, प्रत्येकाला एकच हुकूम मिळतो की काम कर, आणखी कर, थांबू नकोस.

स्वादुपिंडाला असा हुकूम मिळणे धोक्याचे आहे.

जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून आडवी पडलेली ही ग्रंथी इन्सुलिन बनवते हे मधुमेहामुळे घरोघरी ठाऊक झाले आहे. तिचा मोठा भाग मात्र पाचकरस बनवण्यात गुंतलेला असतो. मांस, चरबी, पिष्ट यांचे तुकडे करणारी विकरे ती निष्क्रिय रूपात साठवून ठेवते. ती आतड्यात पोहोचल्यावरच जागी व्हावीत अशी व्यवस्था आहे. ग्रंथीच्या आतच ती जागी झाली, तर ज्या घरात ती तयार झाली तेच घर पचवायला लागतात. प्रागचे हान्स किआरी यांनी १८९६ मध्ये हेच मांडले की स्वादुपिंड स्वतःलाच पचवते. त्याआधी १८८९ मध्ये बोस्टनच्या रेजिनल्ड फिट्झ यांनी या रोगाचे पहिले व्यवस्थित वर्णन केले होते. तीनच वर्षांपूर्वी अपेंडिक्सच्या सुजेकडे वैद्यकाचे लक्ष वेधणारेही हेच फिट्झ. अपेंडिक्स लवकर कापा असे सांगणारा हा माणूस स्वादुपिंडाच्या बाबतीत मात्र घाईने सुरी चालवू नका असे बजावत होता, आणि त्याचा हा सल्ला आजही टिकून आहे.

प्राण्यांवरचे प्रयोग तर त्याहून जुने. पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांनी १८५६ मध्ये कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नळीत पित्त आणि ऑलिव्ह तेल सोडून सूज आणून दाखवली होती. मग १९०१ साल उजाडले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड यांचा एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दगावला. शवविच्छेदन करणाऱ्या युजीन ओपी या तरुण विकृतिशास्त्रज्ञाला पित्तनळी आणि स्वादुपिंडाची नळी जिथे एकत्र येऊन आतड्यात उघडतात, नेमक्या त्या तोंडाशी अडकलेला एक बारीक खडा सापडला. खडा मोठा असता तर दोन्ही वाटा बुजल्या असत्या. लहान होता म्हणून पित्त उलटे स्वादुपिंडात शिरले, असा ओपींचा तर्क होता. हॉल्स्टेडनी लगेच कुत्र्यांत पित्त सोडून त्याची पडताळणी केली. तेव्हापासून या रोगाचा अभ्यास म्हणजे आधी प्राण्यात तो घडवायचा आणि मग तो बरा करून दाखवायचा, अशी रीत पडली.

रोग घडवण्याचे काम पुढे फारच सोपे झाले, आणि त्याचे श्रेय एका बेडकाला आहे. ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या झाडबेडकाच्या कातडीतून इटलीचे औषधशास्त्रज्ञ व्हित्तोरिओ एर्स्पामेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस सेरुलिन नावाचे द्रव्य वेगळे केले. जेवण पोटात उतरल्यावर आपले आतडे स्वादुपिंडाला रस सोडण्याचा जो निरोप पाठवते, त्याची हे द्रव्य हुबेहूब नक्कल करते. १९७७ मध्ये जर्मनीतल्या लांपेल आणि केर्न यांनी उंदराच्या कुळातल्या रॅटला हे द्रव्य वाजवीपेक्षा जास्त दिले. काही तासांत स्वादुपिंड फुगले. पोट फाडायला नको, नळीत सुई घालायला नको. मूषकांना तासातासाने इंजेक्शने द्यायची, की संध्याकाळपर्यंत आजार तयार. विंचू जे आंधळेपणाने करतो तेच इथे मोजून-मापून होत होते. त्रिनिदादच्या मळ्यातला मजूर आणि प्रयोगशाळेतला रॅट, दोघांच्याही ग्रंथीला मर्यादेबाहेर राबवले गेले होते.

सेरुलिनच्या या आजाराचा एक गुण संशोधकांना फार सोयीचा होता. प्राणी सहसा मरत नाहीत आणि आठवड्याभरात आपोआप ठणठणीत होतात. ज्या आजारातून रोगी नाहीतरी बरा होणार, त्यात औषधाला यश मिळणे किती अवघड असणार? गंभीर आजार हवा असेल तर दुसरी वाट होती. लोंबार्डी आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये तरुण मादी उंदरांना कोलीन नसलेला आणि एथिओनीन घातलेला आहार देऊन पाहिला. एथिओनीन हा मेथिओनीन या जरुरीच्या अमिनो आम्लाचा तोतया. थोड्याच दिवसांत उंदरांच्या स्वादुपिंडात रक्तस्राव होऊन ते मरू लागले. मेथिओनीनचे हे नाव इथे लक्षात ठेवायला हवे, कारण पुढे माणसांच्या गोळीत ते परत येणार आहे.

ग्रंथीच्या आत पहिली ठिणगी कुठे पडते, या प्रश्नाने मग दोन तट पाडले. बोस्टनमध्ये मायकेल स्टीअर आणि भारतातून गेलेले अशोक सलुजा यांनी पेशीच्या आतले भांडण दाखवले. पाचक विकरे आणि त्यांना जागे करू शकणारी दुसरी विकरे एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, आजारात ती एकाच कप्प्यात येतात. दुसरा तट ऑक्सिजनकडे बोट दाखवत होता. श्वासातल्या ऑक्सिजनचा अगदी थोडा अंश पेशीत अर्धवट जळतो आणि त्यातून अतिशय चंचल कण तयार होतात, त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. एरवी पेशी त्यांना आवर घालते. आवर सुटला की ते पेशीचे पापुद्रे पोखरतात.

१९८४ मध्ये बाल्टिमोरच्याच जॉन्स हॉपकिन्समधून हिलरी सॅनफी, ग्रेगरी बल्कली आणि जॉन कॅमेरॉन यांनी या तटाला बळ दिले. कुत्र्याचे स्वादुपिंड शरीराबाहेर काढून त्यात रक्त खेळवत ठेवायचे, आणि त्याला तीन निरनिराळ्या रीतींनी आजारी पाडायचे, असा त्यांचा प्रयोग होता. एकदा चरबीची आम्ले सोडून, एकदा नळी अर्धवट बुजवून, एकदा रक्तपुरवठा काही काळ तोडून. कारणे तीन, पण सुपरऑक्साइड डिसम्युटेझ आणि कॅटलेझ ही फ्री रॅडिकल निकामी करणारी दोन विकरे आधी देऊन ठेवली की तिन्ही ठिकाणी सूज कमी आली. कारण काहीही असो, शेवटची वाट एकच आहे, असे यातून सुचत होते. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या दुसऱ्या एका गटाने रोग सुरू झाल्यावर हीच विकरे देऊन पाहिली आणि उपचाराची शक्यता वर्तवली. पाठोपाठ लंडन, उल्म, लॉस एंजेलिस अशा ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांतून अँटिऑक्सिडंटच्या, म्हणजे फ्री रॅडिकलना आवर घालणाऱ्या द्रव्यांच्या, बाजूचे निकाल येऊ लागले.

यात एक शब्द सहज निसटून जातो, तो म्हणजे ‘आधी’.

हा शब्द किती महत्त्वाचा आहे हे पाहायला पुन्हा विंचवाकडे, पण या वेळी प्रयोगशाळा सोडून महाडला जावे लागते. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे हिंमतराव बावसकर नागपूरला डॉक्टर झाले आणि १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे लाल विंचू चावलेली पोरे आणि शेतकरी त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत. मांत्रिकाकडे विंचू उतरवून झाल्यावर, अनेकदा उशिरा, हे रुग्ण दवाखान्यात येत. बावसकर खाटेशेजारी बसून नोंदी करत राहिले. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी धोक्याच्या पूर्वखुणा मांडल्या, आणि १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात प्राझोसिनचा उपयोग. रक्तदाबासाठी वापरली जाणारी ही स्वस्त गोळी, विषाने खवळलेल्या रक्तवाहिन्यांची मूठ सैल करते. गंभीर रुग्णांमधले मृत्यूचे प्रमाण पुढे चार टक्क्यांच्या आत आले. २०२२ मध्ये बावसकरांना पद्मश्री मिळाली.

मूर्तींचे म्हणणे वेगळे होते. त्यांच्या प्रयोगांत विषामुळे इन्सुलिन दबलेले दिसत होते, म्हणून ते इन्सुलिन आणि ग्लुकोज द्यावे असे म्हणत. प्राण्यांत त्यांना याचे चांगले परिणाम दिसले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या काही रुग्णांवरही तो उपाय झाला आणि १९९४ मध्ये त्यांनी हसे या सहकाऱ्याबरोबर ‘टॉक्सिकॉन’ या नियतकालिकात तो मांडला. कोकणातल्या दवाखान्यांत मात्र प्राझोसिन रुजले. प्रयोगशाळेतल्या तर्काची मांडणी मूर्तींची अधिक नेटकी होती. पण इन्सुलिन आणि ग्लुकोज शिरेतून देत रक्तातली साखर तपासत बसायला आरोग्य केंद्रात माणसे कुठून आणायची? गोळी तोंडातून जात होती.

बावसकरांच्या यशात आणखी एक गोष्ट होती, जिचा उल्लेख सहसा होत नाही. विंचू केव्हा चावला हे रुग्णाला ठाऊक असते. गुरे सोडायला गेलो तेव्हा, चुलीत लाकूड घालताना, दिवा लावायच्या वेळी. डॉक्टरला हिशेब मांडता येतो की विष शरीरात जाऊन चार तास झाले आहेत, अजून फुप्फुसात पाणी भरलेले नाही, म्हणजे हाताशी वेळ आहे. रॅटच्या बाबतीतही तसेच असते. पहिले सेरुलिन किती वाजता टोचले ते वहीत लिहिलेले असते. पित्तखड्यामुळे किंवा दारूमुळे स्वादुपिंड सुजलेल्या माणसाकडे असा कुठलाही ठसठशीत क्षण नसतो.

रायपूरला लागून असलेली उरला ही औद्योगिक वसाहत घ्या. रोलिंग मिल, भट्ट्या, पाळीवर चालणारी कामे. अशा ठिकाणी मध्यरात्री कोणाच्या बेंबीच्या वर कळ उठली आणि ती पाठीत आरपार गेली, तर पहिला निदान करणारा शेजारी असतो. तो म्हणतो, गॅस झाला असेल. मग सोडा, मग औषधाच्या दुकानातून ॲसिडिटीची गोळी, सकाळी गल्लीतल्या डॉक्टरचे इंजेक्शन. ओणवे बसल्यावर थोडे बरे वाटते, म्हणून आणखी काही तास निघतात. उलट्या थांबत नाहीत तेव्हा मेकाहारा या सरकारी रुग्णालयाची किंवा टाटीबंधच्या एम्सची वाट धरली जाते. अंतर काही किलोमीटरांचे आहे. वेळ मात्र एखादा दिवस सहज गेलेला असतो. पुण्या-मुंबईतही चित्र फार निराळे नसते, फक्त शेजाऱ्याच्या जागी कधी कधी गूगल असते. बाल्टिमोरच्या कुत्र्याला औषध आजाराच्या आधी मिळाले होते. या रुग्णाला ते मिळेपर्यंत विकरे जागी होऊन, ग्रंथीचा काही भाग मरून, सुजेची रसायने रक्तातून फुप्फुसे आणि मूत्रपिंडांपर्यंत पोहोचलेली असतात.

आणि या फरकाची सूचना वैद्यकाला आधी मिळालेली होती. अप्रोटिनिन हे विकरांना थोपवणारे द्रव्य १९५०च्या दशकापासून स्वादुपिंडदाहावर वापरले जात होते. कल्पना चोख होती: विकरे स्वतःलाच पचवतात, तर विकरेच बंद करा. १९७७ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने अनेक रुग्णालयांत मिळून केलेल्या चाचणीत त्यामुळे मृत्यू कमी झाले नाहीत. मग लेक्सिपाफँट आले. सुजेचा निरोप पोहोचवणारे एक द्रव्य ते अडवत होते, प्राण्यांत उत्तम चालले होते. २००१ मध्ये २९० रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीचा निकाल लागला. अवयव निकामी होण्यात फरक पडला नव्हता. सगळ्यांत कडू धडा नेदरलँड्समध्ये मिळाला. आतड्यातले उपकारक जिवाणू आधीच पाजलेल्या रॅटना फायदा झाला होता. माणसांत तीव्र आजार सुरू झाल्यावर तेच दिले गेले, आणि २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आकडे आले तेव्हा जिवाणू घेतलेल्यांत १६ टक्के मृत्यू होते, न घेतलेल्यांत ६ टक्के. दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद इतके घातक ठरतील असे कोणाच्या मनातही नव्हते.

अँटिऑक्सिडंटची माणसांवरची कथा मँचेस्टरला सुरू होते. तिथल्या रॉयल इन्फर्मरीत जोन ब्रागांझा यांनी १९८३ पासून एक धाडसी मांडणी केली. धूर, दारू, रसायने यांचा निचरा करताना यकृत आणि स्वादुपिंडातली विकरे फ्री रॅडिकल तयार करतात, आणि आहारात सेलेनियम, क जीवनसत्त्व, मेथिओनीन कमी पडले की स्वादुपिंड उघडे पडते, असे त्या म्हणत. त्यांनी मद्रासच्या डॉक्टरांबरोबर दक्षिण भारतातल्या रुग्णांचाही अभ्यास केला. १९९० मध्ये त्यांच्या गटाने वारंवार उठणाऱ्या स्वादुपिंडदाहात या पोषकांच्या मिश्रणाने दुखणे कमी होते असे एका लहान चाचणीत दाखवले.

मग तीव्र आजाराची पाळी. अजित सिरिवर्देना आणि सहकाऱ्यांनी गंभीर स्वादुपिंडदाहाच्या ४३ रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना एन-ॲसिटिलसिस्टीन, सेलेनियम आणि क जीवनसत्त्व शिरेतून दिले, उरलेल्यांना नुसते निरुपद्रवी द्रव. २००७ मध्ये ‘गट’ या नियतकालिकात निकाल आला. रक्तातले अँटिऑक्सिडंट वाढले होते. औषध जिथे पोहोचायचे तिथे पोहोचले होते. तरी सातव्या दिवशी निकामी अवयवांची संख्या घटली नव्हती, उलट आकडे औषध घेणाऱ्यांच्या विरुद्ध बाजूला झुकले होते. भारतातही दिल्लीच्या एम्समध्ये आणि चंडीगडच्या पीजीआयमध्ये, २००९ आणि २०११ मध्ये, अशा लहान चाचण्या प्रसिद्ध झाल्या. ठाम म्हणावा असा फायदा त्यांत निघाला नाही.

इथे कथा संपली असती, पण दिल्लीच्या एम्सनेच तिला एक वळण दिले. प्रमोद गर्ग आणि सहकाऱ्यांनी जुनाट स्वादुपिंडदाहाच्या १२७ रुग्णांवरच्या चाचणीत काहींना सहा महिने सेलेनियम, क आणि ई जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटीन आणि मेथिओनीन दिले. महिन्यातले दुखण्याचे दिवस औषध घेणाऱ्यांत सरासरी ७.४ ने कमी झाले, न घेणाऱ्यांत ३.२ ने. दुखणे पूर्ण थांबले ते ३२ टक्क्यांचे विरुद्ध १३ टक्क्यांचे. हा निबंध २००९ चा. तीन वर्षांनी मँचेस्टरमध्ये सिरिवर्देनांनी तशीच चाचणी ७० रुग्णांवर केली आणि दुखण्यात फरक सापडला नाही. दिल्लीचे रुग्ण सरासरी तिशीचे होते, मँचेस्टरचे पन्नाशीच्या आसपासचे, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांच्या आजाराला दारू कारणीभूत होती. दोन्ही निकाल आपापल्या जागी खरे असू शकतात. आहारात ज्याला मुळातच तोटा आहे त्याला भर टाकून उपयोग होतो, ज्याला तोटा नाही त्याला होत नाही, हा अर्थ निदान समजण्यासारखा आहे.

हळदीचे प्रकरण मात्र मराठी वाचकाला जवळचे. जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने रद्द करून घेतले, तेव्हापासून हळदीवरचा कुठलाही शोध आपल्याकडे अभिमानाने वाचला जातो. २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या गुकोव्स्की आणि सहकाऱ्यांनी रॅटमध्ये हळदीतल्या करक्युमिनने स्वादुपिंडाची सूज कमी होते असे दाखवले, दारूच्या आणि बिनदारूच्या अशा दोन्ही आजारांत. ते शिरेतून, आजार घडवतानाच दिले गेले होते. पेल्यातल्या हळदीच्या दुधाचा त्याच्याशी संबंध जोडण्याआधी मणिपालचा निकाल पाहावा. तिथे २००५ मध्ये उष्णकटिबंधीय स्वादुपिंडदाहाच्या वीस रुग्णांना सहा आठवडे करक्युमिन आणि सोबत मिरीतले पायपरीन, किंवा औषध नसलेली नुसती गोळी, असे दिले गेले. रक्तपेशींतली ऑक्सिडीकरणाची खूण उतरली. पोटदुखी होती तशीच राहिली. प्रयोगशाळेचा कागद सुधारला, माणूस नाही. तरीही भारतीय औषधशास्त्राच्या विभागांत वनस्पतीजन्य अँटिऑक्सिडंट तपासणे चालूच आहे, कारण एल-आर्जिनीन हे स्वस्त अमिनो आम्ल मोठ्या मात्रेत टोचले की रॅटला गंभीर स्वादुपिंडदाह होतो आणि त्यासाठी महागडे सेरुलिन लागत नाही. मूर्तींचा निबंध छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१३ मध्ये मेहंदीतल्या लॉसोनचा असा प्रयोग छापला.

या प्राण्यांच्या जिवाचा हिशेबही आता ठेवावा लागतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी संसदेत लावून धरल्यामुळे १९६० चा प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायदा आला. प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीला खरे दात फुटले ते १९९८ च्या नियमांनी. कुठला प्राणी, किती, कशासाठी, याला आधी मंजुरी लागते. कमी प्राण्यांत काम भागवायचे असेल तर प्रश्न नीट विचारावा लागतो, आणि औषध आजाराच्या आधी देऊन मिळवलेले यश हा त्या अर्थाने महागडा प्रश्न आहे.

मग माणसांत कुठे असा प्रसंग सापडतो का, की जिथे आजाराची सुरुवात केव्हा होणार हे आधीच कळते? सापडतो. पित्तनळीतला खडा काढण्यासाठी तोंडावाटे दुर्बीण घालून केली जाते ती ईआरसीपी. तिच्यामुळे काही रुग्णांना स्वादुपिंडदाह होतो. तारीख ठरलेली, वेळ ठरलेली, औषध आदल्या रात्री देता येते. अँटिऑक्सिडंटवाल्यांना याहून अनुकूल मैदान मिळणे शक्य नव्हते. त्यांनी ॲलोप्युरिनॉल निवडले. वातरक्तावरची ही जुनी गोळी फ्री रॅडिकल तयार करणाऱ्या एका विकराला अडवते, आणि बाल्टिमोरच्या प्रयोगांत त्या विकरावर संशय घेतला गेला होता. २००५ मध्ये ग्रीसमधल्या २५० रुग्णांच्या चाचणीत गोळी घेणाऱ्यांपैकी ३.२ टक्क्यांना स्वादुपिंडदाह झाला, न घेणाऱ्यांपैकी १७.८ टक्क्यांना. त्याच वर्षी अमेरिकेत ७०१ रुग्णांवर निकाल आला १३ टक्के विरुद्ध १२.१ टक्के, म्हणजे काहीच फरक नाही. एन-ॲसिटिलसिस्टीननेही या मैदानात निराशाच केली. म्हणजे दोष केवळ उशिराचा होता असे म्हणून अँटिऑक्सिडंटची बाजू सावरता येत नाही.

वेळ साधून जिंकले ते भलतेच औषध. जोसेफ एल्मन्झर आणि सहकाऱ्यांनी ईआरसीपीनंतर लगेच गुदद्वारातून इंडोमेथासिन दिले, सांधेदुखीवर अनेक दशके वापरात असलेले आणि अतिशय स्वस्त. २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ६०२ रुग्णांचा निकाल आला. स्वादुपिंडदाह १६.९ टक्क्यांवरून ९.२ टक्क्यांवर उतरला होता.

ज्यांना आजार होऊन दाखल व्हावे लागते त्यांच्यासाठी असे औषध अजून नाही. उपचाराचा कणा शिरेतून दिले जाणारे सलाइन, वेदनाशामक आणि जमेल तितक्या लवकर तोंडाने अन्न हाच आहे. सलाइन भरपूर चढवावे हा जुना शिरस्ताही २०२२ मध्ये मोडला. एन्रिके दे-मादारिया यांच्या चाचणीत २४९ रुग्णांत रिंगर लॅक्टेट झपाट्याने चढवलेल्यांपैकी २०.५ टक्क्यांच्या शरीरात पाणी जास्त झाले, बेताने दिलेल्यांत ६.३ टक्क्यांच्या, आणि आजाराची तीव्रता काही कमी झाली नाही, म्हणून चाचणी मध्येच थांबवावी लागली. आता दाखल झालेल्या रुग्णाला रिंगर लॅक्टेट बेताने चढवतात, दर काही तासांनी लघवी मोजतात आणि भूक लागली की मऊ खायला देतात.